तापलेली गच्ची आणि पांढरा लेप : नागपुरातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरातल्या एका जुन्या वसाहतीतलं हे दुमजली घर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, बाकी घडलं तसंच मांडलं आहे. तळमजल्यावर भाडेकरू राहतात. वरच्या मजल्यावर निवृत्त शिक्षक असलेले घरमालक, त्यांची पत्नी, मुलगा, सून आणि शाळकरी नातू. हॉल आणि दोन झोपायच्या खोल्या स्लॅबखाली आहेत. मागच्या बाजूला नंतर वाढवलेलं स्वयंपाकघर मात्र नालीदार लोखंडी पत्र्याखाली आहे.

स्लॅब साडेचार इंची, २४ बाय ३० फूट, म्हणजे ७२० चौरस फूट. वरून साधा सिमेंटचा गिलावा, पंचवीस-तीस पावसाळे खाऊन काळवंडलेला. कठड्याच्या कडेने शेवाळाचा पट्टा, पाण्याच्या टाकीजवळ कायम ओल. स्वयंपाकघराचा पत्रा १० बाय १८ फूट, म्हणजे १८० चौरस फूट, स्क्रूच्या आसपास गंजलेला. पश्चिमेची भिंत उघडी. शेजारचं झाड तोडल्यापासून दुपारी दोननंतरचं सगळं ऊन तिच्यावर येतं.

अडचण

विदर्भात कूलर सुरू करणं हा उन्हाळ्याचा विधीच आहे, आणि या घरातही मार्चअखेर ताट्या बदलून दोन कूलर लागत. २०२३ च्या मे महिन्यात मात्र तक्रार दिवसाची नव्हतीच, रात्रीची होती. बाहेर दहा वाजता झुळूक सुटलेली असायची आणि आत पंखा लावला की तापलेली हवा अंगावर यायची. आजी-आजोबा रात्री एक-दीडपर्यंत जागे. कूलरला दिवसभरात दोन-तीनदा पाणी भरावं लागे, आणि नळाला पाणी कमी येण्याचे दिवसही तेच. जूनच्या मध्यावर ढग जमले, हवा दमट झाली, की कूलरचाही उपयोग संपे.

स्वयंपाकघराची तऱ्हा उलटी. तिथे सकाळी अकरा ते दुपारी तीन उभं राहवत नसे, पण सूर्य मावळला की अर्ध्या तासात पत्रा निवायचा. सून पोळ्या सकाळी सातलाच करून ठेवू लागली होती.

एकाच घरातल्या या दोन तक्रारी एकाच कारणाच्या असल्या तरी उपाय वेगळे मागतात. साडेचार इंची काँक्रीट दिवसभर उष्णता पितं आणि काही तासांच्या उशिराने खाली सोडतं. गच्ची वरून दुपारी दोनच्या सुमारास सर्वांत तापलेली असते, तर छताची खालची बाजू संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान. पत्र्याला असं साठवण्याजोगं वस्तुमानच नाही. ऊन पडलं की लगेच तापतो, गेलं की लगेच निवतो.

आधी मोजमाप

घरमालकांचा पहिला विचार एसी घेण्याचा होता. मुलाच्या आग्रहाने आधी मोजून पाहायचं ठरलं, आणि हा निर्णय पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कामी आला. साधन म्हणून दूरवरून पृष्ठभागाचं तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आणि खोलीतल्या हवेसाठी भिंतीपासून दूर टांगलेला साधा थर्मामीटर, एवढंच.

कमाल तापमान ४३ अंशांच्या आसपास असलेल्या दिवसांतल्या नोंदी अशा आल्या. गच्चीचा पृष्ठभाग दुपारी दोन वाजता ६२ अंश. झोपायच्या खोलीचं छत आतून दुपारी तीनला ३८, पण संध्याकाळी साडेसातला ४३ आणि रात्री अकरालाही ४१. त्याच वेळी पश्चिमेची भिंत आतून ४०, तर उत्तरेची ३६. कूलर बंद ठेवून रात्री साडेनऊला खोलीतली हवा ३८ अंश. छत ४३ अंशांवर असताना खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर ते सरळ उष्णता फेकत राहतं. पंखाही छतालगतचीच तापलेली हवा खाली ढकलतो. दोष मुख्यतः छताचा आणि दुसऱ्या क्रमांकावर पश्चिमेच्या भिंतीचा, हे आकड्यांवरून उघड झालं. भिंत छताइतकीच किंवा जास्त तापलेली निघाली असती तर नुसत्या गच्चीवर पैसे घालून भागलं नसतं.

मोजण्यात एक फसगत होता होता टळली. पत्र्याच्या खालच्या चकचकीत भागावर थर्मामीटर धरला तर आकडा ४४ आला. हात लावला तर चटका. हे उपकरण पृष्ठभागातून निघणारं किरण मोजतं, आणि चकचकीत धातू ते फारच कमी सोडतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. पत्र्यावर रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावून, ती तापू देऊन, तिच्यावर मोजलं तेव्हा दुपारी दीडला ६१ अंश दिसले. उपकरणाने दाखवलेला प्रत्येक आकडा खरा मानू नये. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती आणि तीही पुढे सेन्सरच्या बिघाडामुळे झाल्याचं स्पष्ट झालं.

विचारात घेतलेले पर्याय

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारणं घरात पूर्वीपासून चालत होतं. त्याने आराम मिळतो यात शंका नाही. पण पाणीटंचाईत रोज दोन-तीनशे लिटर वाफेवर घालवणं परवडणारं नव्हतं, शिवाय तापून लाल झालेल्या जुन्या गिलाव्यावर एकदम गार पाणी पडलं की बारीक तडे वाढतात.

हिरवी जाळी हा पर्याय चांगला आहे आणि त्याला उगाच कमी लेखलं जातं. जाळी गच्चीपासून चार-पाच फूट वर ताणली की बरंचसं ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. इथे अडचण दोन गोष्टींची होती. मे महिन्यातल्या वावटळीत टिकेल असा लोखंडी सांगाडा उभा करायला खर्च मोठा, आणि कुरड्या-पापडांचं वाळवण याच गच्चीवर होतं.

चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फरशीचे तुकडे मसाल्यात बसवणं. नीट केलं तर दहा-पंधरा वर्षं बघावं लागत नाही, ढाळही सुधारतो. पण दोन इंच मसाला म्हटला की दर चौरस मीटरला साधारण १०० किलो वजन वाढतं. या स्लॅबवर ते जवळजवळ सात टन होतं. जुन्या स्लॅबवर एवढा भार टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायला हवं, आणि खर्चही लेपाच्या तिप्पट-चौपट सांगितला गेला.

आतून पीओपीचं छत करावं, असं दोघातिघांनी सुचवलं. त्याने तापलेला स्लॅब नजरेआड होतो, स्लॅब तापायचा थांबत नाही. खोलीची उंची साडेनऊ फूट, त्यात एक फूट जाणार.

शेजाऱ्यांच्या पत्र्याला चांदीसारखा ॲल्युमिनिअम रंग होता आणि ‘तोच मारा, चमकतो म्हणजे ऊन फेकतो’ असा सल्ला मिळाला. इथे थोडं थांबायला हवं, कारण ही समजूत सर्वत्र आहे. छत गार राहायला दोन गुण लागतात : पडलेलं ऊन परत पाठवणं, आणि जे थोडं शोषलं गेलं ते आकाशाकडे किरणांच्या रूपात सोडून देणं. पांढरा रंग दोन्ही करतो. चांदीचा रंग ऊन बरंचसं परत पाठवतो, पण शोषलेली उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो. या दोन्ही गुणांचा मिळून जो आकडा काढतात त्याला एसआरआय म्हणतात. प्रमाण काळ्या पृष्ठभागाला ०, प्रमाण पांढऱ्याला १००. चांगल्या पांढऱ्या लेपाचा आकडा नवा असताना १०० च्या आसपास किंवा किंचित वर असतो.

राहिले दोन : चुना आणि तयार परावर्तक लेप. चुन्याला कमी समजू नये. कळीचा चुना रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, फेविकॉल घालून दोन हात मारले तर पहिल्या उन्हाळ्यात तो महागड्या लेपाच्या बरोबरीने काम करतो. ७२० चौरस फुटांना १५-२० किलो चुना पुरतो. अहमदाबाद महापालिकेने झोपडवस्त्यांतल्या छतांना पांढरा चुना देण्याचा कार्यक्रम २०१७ मध्ये हाती घेतला तो यामुळेच. तेलंगणाने तर २०२३ मध्ये शीत छतांचं पाच वर्षांचं धोरणच जाहीर केलं. चुन्याची मर्यादा एकच : पहिल्या मोठ्या पावसात तो उतरू लागतो आणि दर मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो. तडे तर तो झाकतच नाही. ज्यांच्याकडे दोन-तीन हजारच आहेत त्यांनी बिनदिक्कत चुना मारावा.

निर्णय

स्लॅबला ॲक्रेलिक इलॅस्टोमेरिक (म्हणजे रबरासारखा लवचीक) परावर्तक लेप, पत्र्याला धातूचा प्रायमर देऊन तोच पांढरा लेप आणि आतून फॉइलचं अस्तर, असं ठरलं. कारण सरळ होतं. स्लॅब मजबूत होता, तडे केसाएवढे होते, आणि लवचीक लेपाने उन्हाबरोबर पावसाचंही थोडं काम होणार होतं.

दुकानात ‘घर १० अंश गार’ असं छापलेले डबे होते. हे आकडे बहुधा गच्चीच्या पृष्ठभागाचे असतात, खोलीतल्या हवेचे नाहीत. मुलाने तीन कंपन्यांची माहितीपत्रकं मागवली आणि दोनच गोष्टी पाहिल्या : सौर परावर्तन किती, ते एएसटीएम या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेच्या सी १५४९ किंवा ई ९०३ पद्धतीने मोजलं आहे का; आणि तीन वर्षांनंतरचा आकडा दिला आहे का. एका कंपनीने नुसतं ‘हाय एसआरआय’ लिहिलं होतं, आकडा नव्हता. ती बाद. निवडलेल्या लेपाचं परावर्तन नवं असताना ०.८३ होतं.

त्याचा अर्थ असा. मे महिन्यात भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं, म्हणजे मीटरभर जागेवर एकेक इस्त्री चालू ठेवल्यासारखं. गच्ची ६७ चौरस मीटरची. काळवंडलेलं सिमेंट त्यातलं सत्तर टक्के तरी शोषतं, म्हणजे ४७ किलोवॅट. पांढरा लेप सतरा टक्के शोषतो, म्हणजे ११-१२ किलोवॅट. यातलं बरंचसं वारा आणि आकाश परत घेतात, पण खाली येणारा वाटा याच प्रमाणात घटतो.

प्रत्यक्ष काम

कामाला फेब्रुवारीअखेर हात लागला. घासणं, धुणं यात दोन दिवस गेले. तारेच्या ब्रशने सुटा गिलावा काढला, शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून अर्ध्या तासाने घासलं, मग भरपूर पाण्याने धुतलं. ब्लीचिंगचा अंश राहिला तर लेप नीट धरत नाही, म्हणून शेवटचं धुणं दोनदा केलं. धुतानाच पाणी कुठे साचतं ते खडूने आखून घेतलं. दक्षिणेच्या कोपऱ्यात पाऊण इंच खोल डबकं होतं. ॲक्रेलिक लेप साचलेल्या पाण्यात फार दिवस तग धरत नाही, म्हणून तो कोपरा आधी पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरून पाणी बाहेर जाण्याच्या जाळीकडे वळवलं. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यात सिमेंटची गोलाई काढली. केसाएवढ्या तड्यांना करवतीच्या पात्याने इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडून लवचीक भरण घातलं आणि लांब तड्यांवर चार इंच रुंद जाळीदार पट्टी पहिल्या हातात दाबून बसवली.

टाकीजवळची ओल हा खरा निर्णयाचा क्षण होता. रंगारी म्हणत होता, “वरून कोरडं हाय जी सर, लावून टाकू.” त्याचं म्हणणं चुकीचं दिसत नव्हतं, पृष्ठभाग पांढराफट्ट होता. तरी दीड बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला घामासारखे थेंब. टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह नीट बंद होत नव्हता आणि पाणी थोडं थोडं ओसंडत होतं. व्हॉल्व्ह बदलला, आठवडाभर जागा वाळू दिली, पुन्हा प्लास्टिक लावलं. ते कोरडं निघालं तेव्हाच लेप.

लेपाच्या प्रमाणावर नजर ठेवायला साधी युक्ती केली. गच्चीवर खडूने १२ बाय साडेसात फुटांचे आठ चौकोन आखले, प्रत्येकी ९० चौरस फूट. एका चौकोनाला एका हातात दोन लिटर लेप, मापाच्या डब्याने मोजून. पहिल्याच दिवशी तिसऱ्या चौकोनात सव्वा लिटरच संपलेला दिसला. भिंतीच्या डिस्टेंपरच्या सवयीने रंगाऱ्याने पाणी घातलं होतं. प्रायमरच्या हाताला पाणी घालायचं असतं, डब्यावर लिहिलेलं असेल तेवढं. मुख्य दोन हातांत जवळजवळ नाहीच. पातळ केलेला लेप दिसायला तितकाच पांढरा दिसतो, पण वाळल्यावर जाडी निम्मी भरते आणि दुसऱ्या वर्षी खालचं सिमेंट डोकावू लागतं. त्या चौकोनाला एक हात जास्त द्यावा लागला.

वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. मार्चमध्येसुद्धा दहानंतर गच्ची इतकी तापते की लेपाची वरची साय लगेच धरते आणि खालचं पाणी अडकतं. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने, दुसऱ्या दिवशी सकाळी. नव्या पांढऱ्या गच्चीवर उन्हात डोळे दिपतात, त्यामुळे काम करणाऱ्यांना काळे चष्मे दिले.

पत्र्यावर वेगळी खबरदारी लागली. गंज तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने काढला, कुजलेले रबरी वॉशर बदलले, गंजलेल्या जागी गंजरोधक प्रायमर आणि जस्ताच्या गुळगुळीत भागावर जस्ती पत्र्यासाठीचाच प्रायमर दिला. साधा प्रायमर जस्तावर धरत नाही, वर्षभरात पापुद्रे निघतात. चालताना पाय पत्र्याच्या मधोमध न ठेवता खालच्या लोखंडी आडव्या पाइपांच्या रेषेत, फळी टाकून. (पत्रा सिमेंटचा असेल तर त्याला तारेचा ब्रश अजिबात लावू नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.)

आतल्या फॉइलबद्दल मिस्त्रीचा बेत ते पत्र्यालाच चिकटवून टाकायचा होता. ते मान्य केलं नाही. फॉइल काम करतं ते समोरच्या तापलेल्या पत्र्याकडून येणारे किरण परतवून आणि स्वतः किरण फारच कमी सोडून, आणि त्यासाठी चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी हवी. पत्र्याला चिकटलं की उष्णता सरळ आरपार जाते. म्हणून आडव्या पाइपांना खालून पट्ट्या मारून पत्रा आणि फॉइल यांच्यात दीड इंच मोकळी जागा ठेवली. दोन्ही टोकांना कौलाखाली असते तशी हवा खेळायला फट ठेवून तिला चिमण्या-उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी ठोकली. गॅसच्या शेगडीच्या थेट वर मात्र प्लास्टिकचं बबल-फॉइल नको म्हणून तेवढा भाग सिमेंटच्या बोर्डाने झाकला.

काय बिघडलं

मार्चच्या मध्यावर अवकाळी पाऊस झाला. जिन्याच्या खोलीलगतच्या पट्ट्यावर पहिला हात बाकी होता. रात्री सर येऊन गेली, सकाळी ऊन पडलं, दुपारपर्यंत गच्ची कोरडी दिसली आणि पुढच्या सकाळी रंगाऱ्याने काम उरकलं. त्या दिवशी प्लास्टिकची चाचणी कुणी केली नाही. चौथ्या दिवशी सुमारे चाळीस चौरस फुटांत रुपयाएवढे फुगे आले. आत अडकलेलं पाणी उन्हाने वाफ होऊन वर येतं आणि लेपाला उचलतं. फुगे पात्याने कापून, घट्ट धरलेला भाग लागेपर्यंत खरवडून, पाच दिवस वाळू देऊन, पुन्हा प्रायमर आणि दोन हात द्यावे लागले. फुगा नुसता दाबून वरून रंग मारला तर पहिल्या पावसात तिथून पाणी शिरतं.

दुसरी चूक हिशोबाची. डब्यावर २० लिटरला दोन हातांत साडेचारशे ते पाचशे चौरस फूट लिहिलेलं, म्हणून दोन डबे, ४० लिटर आणले. कठड्याची आतली बाजू फूटभर उंचीपर्यंत घ्यायची म्हणजे १०८ फूट परिघावर आणखी १०८ चौरस फूट होतात, हे धरलंच नव्हतं. शिवाय खडबडीत जुन्या गिलाव्याने पहिल्या हातात चौकोनामागे दोनऐवजी अडीच लिटर खाल्ला. दहा लिटर मागाहून आणावा लागला, आणि तो वेगळ्या बॅचचा निघाल्याने छटा किंचित वेगळी दिसते. कामाला त्याने फरक पडत नाही.

खर्च असा आला : स्लॅबसाठी ५० लिटर लेप १४,०००, प्रायमर १,८००, भरण, पट्टी आणि पॉलिमर १,६००, मजुरी ६,५००. पत्र्याला प्रायमर, वॉशर आणि मजुरी मिळून ४,००० (लेप वरच्यातलाच पुरला नाही म्हणून आणखी दहा लिटर, २,८००), फॉइल बसवून ८,१००. एकूण ३८,८०० रुपये. यात फुग्यांची दुरुस्ती रंगाऱ्याने आपल्या मजुरीत करून दिली.

परिणाम

मे २०२४ मध्ये, पुन्हा कमाल ४३ च्या आसपासचे दिवस निवडून, त्याच वेळी त्याच जागी मोजलं. गच्ची दुपारी दोनला ६२ ऐवजी ४६ अंश. छत आतून संध्याकाळी साडेसातला ४३ ऐवजी साडेसदतीस. खोलीतली हवा, कूलर बंद असताना, रात्री साडेनऊला ३८ ऐवजी साडेपस्तीस. पृष्ठभागावर सोळा अंशांचा फरक आणि हवेत अडीचाचा : डब्यावरच्या जाहिरातीने अपेक्षा कुठे चुकते ते या दोन आकड्यांत दिसतं. तरी झोपेच्या दृष्टीने अडीच अंश आणि वरून आग न ओकणारं छत हे फार मोठं असतं. आजी-आजोबांच्या खोलीतला कूलर रात्री अकरानंतर कमी वेगावर पुरू लागला. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मात्र कूलर रात्रभर लागलाच, आणि ४५ च्या पुढे पारा गेल्यावर कुठलाही लेप तो बंद ठेवू देणार नाही.

खरा फायदा जूनमध्ये जाणवला. दमट हवेत कूलर निकामी झाल्यावर नुसत्या पंख्याखाली झोपता येऊ लागलं.

स्वयंपाकघरात पत्रा आतून दुपारी दीडला ६१ वरून ४८, आणि माणसाच्या डोक्यावर असलेलं फॉइलचं अस्तर ४१. हवा ४५ वरून ४१. बाहेरच ४२ असताना ती याहून फार खाली जाईल अशी अपेक्षा नव्हती. सून आता अकराला स्वयंपाक करते.

पश्चिमेच्या भिंतीचा आकडा जवळजवळ जागचा हलला नाही, ४० चा साडेएकोणचाळीस. ते अपेक्षितच होतं. हिवाळ्यात दुपारी खोल्या किंचित गार वाटल्याची नोंद आहे, पण नागपूरच्या थंडीत ही किंमत किरकोळ आहे.

दोन गोष्टी नंतर निघाल्या. पलीकडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारी गच्चीची चमक जाऊ लागली. त्या बाजूच्या कठड्यावर बांबूची चटई बांधून ते मिटवलं. दुकानात तोच लेप मॅट छटेतही मिळत होता, तो घेतला असता तर बरं झालं असतं. आणि वाळवणाच्या खाटेचे पाय ओढल्याने तीन ठिकाणी लेप खरवडला गेला. लेप चालण्यासाठी असतो, फरफटण्यासाठी नाही. आता खाटेच्या पायांना रबरी टोप्या आहेत आणि जिन्यापासून टाकीपर्यंत सुट्या फरश्यांची वाट टाकली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी त्रुटी पश्चिमेच्या भिंतीची. मोजमापात ती दुसऱ्या क्रमांकाची दोषी निघाली होती, तरी सगळा खर्च छतावर झाला. भिंतीपासून फूटभर अंतर सोडून बांबूची चटई किंवा जाळीवर चढवलेला वेल, सोबत फिका रंग, हे पाच-सहा हजारांत होतं आणि त्याच उन्हाळ्यात व्हायला हवं होतं. २०२५ च्या उन्हाळ्याआधी चटई लागली.

कामाची सुरुवात जानेवारीअखेर केली असती तर अवकाळीच्या आधी दुसरा हातही वाळून गेला असता. विदर्भात फेब्रुवारी-मार्चचा पाऊस नवलाचा राहिलेला नाही. ज्यांना उशीर झाला आहे त्यांनी मे महिन्यात घाईने लेप मारण्यापेक्षा त्या वर्षापुरता चुना मारावा आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत लेपाचं काम करावं.

मजुरीचा करार चौरस फुटांवर होता, त्यामुळे रंगाऱ्याला लेप वाचवण्यात काहीच तोटा नव्हता. ‘आठ चौकोन, दोन हात, चौकोनामागे हातास किमान दोन लिटर, रिकामे डबे घरमालकाच्या ताब्यात’ एवढं आधी लिहून घेतलं असतं तर पाण्याचा वाद उद्भवला नसता. सगळ्या गच्चीला लागण्याआधी एका चौकोनात दोन्ही हात देऊन आठवडाभर थांबणंही शहाणपणाचं होतं. फुगे, पापुद्रे, पकड, सगळं तिथेच कळलं असतं.

काळी पाण्याची टाकी तशीच राहिली आणि दुपारी नळाला उकळतं पाणी येतच राहिलं. प्लास्टिकच्या टाकीवर हा लेप नीट धरत नाही. तिच्यावर पांढरं जाड कापड बांधणं किंवा छोटी जाळी ताणणं पुरेसं आहे.

देखभालीचं वेळापत्रक कुणी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गच्ची धुळीने आणि कबुतरांच्या विष्ठेने करडी झालेली होती. साबणाच्या पाण्याने, मऊ खराट्याने, तारेचा ब्रश न लावता धुतल्यावर पांढरेपणा बराचसा परत आला. हे धुणं दर वर्षी होळीच्या आत व्हायला हवं. धुतल्यानंतरही भर दुपारी गच्ची ५० अंशांच्या वर जाऊ लागली, किंवा बोट फिरवल्यावर खडूसारखी पूड लागू लागली, की एक हात नवा द्यायची वेळ आली असं समजावं. त्यासाठी या गच्चीला २० लिटरचा एक डबा पुरेल.